आमच्या घरी बंदी असलेला बॅण्ड

देशभर ज्या रॉक बॅण्डच्या तिकिटांसाठी मारामार होते, त्याची गाणी आमच्या नंदनवनच्या घरात लावायला बंदी होती. त्या बॅण्डचा पहिला ड्रमर माझा दादा, आणि नाव होण्याच्या तोंडावर त्यांनी त्याला काढून टाकलं. निदान आईचं तसं म्हणणं होतं, आणि आईनं एकदा म्हटलं की झालं!

आईचा राग साधासुधा नव्हे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक निघते. जे जे छळतं ते सगळं घेऊन जा, म्हणून लोक त्या पुतळ्याला ओरडून सांगतात. कुणी रोगराई सांगतं, कुणी महागाई. आमची आई दरवर्षी बेंबीच्या देठापासून ओरडायची, "त्या गिटारवाल्यायले घेऊन जा गे मारबत!" शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. दादाच्या लग्नात डीजेनं त्यांचंच गाणं लावलं, तर बाबांनी स्वतः जाऊन वायर उपटली. दादा तेव्हा मस्त नाचत होता. बिचाऱ्याचे हात वरच राहिले.

माझ्या डोक्यात मात्र एकच किडा वळवळायचा. काढलं काहून? माझ्या भावाचा अपमान झाला असेल तर तो कुणी केला, हे मला कळायलाच हवं होतं.

इंटरनेटवर त्या बॅण्डचा अख्खा इतिहास पडलाय. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये लाइट गेली तरी पोट्टे अंधारात वाजवत राहिले ते, रामदासपेठेत गिटारवाल्याच्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढून तिथं पहिलं गाणं बांधलं ते, परदेशातला पहिला कार्यक्रम. मी सगळं वाचून काढलं. त्यात दादाच्या वाट्याला आलेली ओळ एवढीच: दरम्यान ड्रमर बदलला. बदलला म्हणजे काय? माणूस आहे की छताचा पंखा? दादाला विचारावं, तर तो "सोड ना वं" म्हणून उठून जायचा.

या उन्हाळ्यात मी मोबाइलवर त्यांच्या गायकाची मुलाखत पाहत होते. तुमच्या बॅण्डच्या इतिहासातला सगळ्यात मोठा क्षण कोणता, असं त्याला विचारलं. मला वाटलं, परदेश सांगेल नाहीतर बक्षीस. तो म्हणाला, आमचा पहिला ड्रमर एक दिवस दुसऱ्याच मुलाला हाताला धरून घेऊन आला, त्याला स्वतःच्या जागी बसवलं आणि आम्हाला म्हणाला, आता ऐका.

मी सदर भागातल्या माझ्या घरून गाडी काढली ती थेट नंदनवन. दादा खिडकीशी उभा राहून कूलरमध्ये नवं गवत भरत होता.

"दादा, तुले त्यायनं काढलंच नव्हतं?"

आई जवळपास नाही हे त्यानं आधी पाहून घेतलं. "कोणं सांगतलं?"

"गायकानं. साऱ्या दुनियेले सांगून राहिला तो!"

दादा हसला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलला. एका स्पर्धेत त्यानं त्या मुलाला ऐकलं होतं. त्या मुलाचा बॅण्ड हरला, पण त्याचं वाजवणं काही दादाच्या कानातून जाईना. "आपल्या गाण्यात मले जे पाह्यजे होतं ना, ते माह्या हातून निघे नाही. त्याच्या हातून लगेच निघालं."

"अन् तुले वाईट नाही वाटलं?"

"वाटते ना. आजही वाटते. पण गाणं ऐक न एखादं. ते मले जमलं नसतं वं."

मला भडभडून आलं आणि त्याचा संतापही आला. त्या बिचाऱ्यांनी काही केलं नव्हतं आणि आमचं अख्खं घर त्यांच्या नावानं बोटं मोडत होतं! दादानं इतकी वर्षं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं, आपल्याच मित्रांची गाणी आपल्याच घरात ऐकली नाहीत.

"मंग आईले काहून नाही सांगतलं? खुशाल त्यायले शिव्या खाऊ देल्या?"

त्यानं हातातलं गवत खाली ठेवलं. "मीच सोडलं म्हटलं असतं, तर आई रोज मागं लागली असती, जा परत, जा परत. अन् मी गेलो असतो."