तलावातली भरती

आमचा हातमाग बंद पडला तेव्हा घरी कालवणाचीही पंचाईत होती. म्हणून मी धाकट्या बहिणीला घेऊन तलावावर गळ टाकायला जाई. शिकवायला शेजारचे काका असत. लढाईच्या दिवसांत त्यांनी मुंबईच्या धक्क्यावर हमाली केली होती, त्यामुळे मासेमारी त्यांना समुद्राचीच ठाऊक. नागपूरच्या तलावात बोट बुडवून ते चाटत आणि म्हणत, "आज खारटपणा कमी आहे. भरतीले टाइम आहे."

"तलावाले कुठली भरती, काका?"

"कालेजात जाऊन राहिला ना गा तू? इतकंही शिकवत नाही तिथं?"

लाट कधी येईल सांगता येत नाही, म्हणून आधी पोर बांधायचं, मग गळ टाकायचा, हा त्यांचा पहिला नियम. बहिणीच्या कमरेची दोरी ते घाटाच्या खांबाला बांधत. लोक हसत. मलाही लाज वाटे.

एकदा ती शेवाळावरून घसरून पाण्यात गेली. दोरी ताणली, पण गाठ सुटली नाही. मी तिला ओढून काढलं.

"सांगून राहिलो होतो ना, लाट येते म्हणून!" असं म्हणत काकांनी गळाला लागलेला मासा तिच्या ओल्या परकरात टाकला.

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. तलावाला भरती नसते, हे मी त्यांना कधीच पटवू शकलो नाही. त्या दिवशी मात्र बहीण आणि मासा, दोन्ही घरी पोचले.