सातव्या वाफ्याचे राखणदार

काहीही न करणं हे काम आयुष्यभर इतक्या कष्टानं केलेला माणूस माझ्या धाकट्या आत्याच्या यजमानांखेरीज आपल्या देशात दुसरा नसावा. हसू नका. या कामासाठी त्यांना केंद्र सरकारनं रीतसर नेमणूकपत्र दिलं होतं. शेतीवर संशोधन करणाऱ्या एका मोठ्या राष्ट्रीय संस्थेचं पारनेरच्या माळावर एक चिमुकलं उपकेंद्र होतं. तिथं ज्वारीचे सात वाफे. सहा वाफ्यांत दरवर्षी वेगवेगळी खतं घालायची आणि सातव्यात काहीच नाही. शेण नाही, लेंडी नाही, पालापाचोळासुद्धा नाही. त्या एका वाफ्याला उपाशी ठेवायचं आणि नुसत्या मातीच्या जिवावर तो किती दाणे देतो ते वर्षानुवर्षं मोजायचं, म्हणजे बाकीच्या सहांना खतानं नेमकं काय दिलं ते कळतं. आतोबा विशीत तिथं क्षेत्र सहायक म्हणून लागले, तेव्हापासून त्या वाफ्याची उपासमार त्यांनी डोळ्यांत तेल घालून सांभाळली. पाठीमागून शेळी आली, तर ती वाफ्यात लेंड्या टाकेल या भीतीनं हा शांत माणूस हातात चप्पल घेऊन धावायचा. रोपं पिवळी, खुरटी, गुडघ्याएवढी. येणारे-जाणारे हळहळायचे, आणि आतोबा अभिमानानं म्हणायचे, "कसं मरगळलंय बघा! एक नंबर!"

पुढं पुढं हे खूळ घरात शिरलं. प्रत्येक गोष्टीत एक भाग तुलनेसाठी कोरा ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडेना. गुडघे दुखायला लागले, तर वैद्याचं तेल उजव्याच गुडघ्याला. डावा तुलनेला. उजवा बरा झाला, डावा कायमचा गेला, आणि लंगडत लंगडत ते सगळ्यांना सांगत सुटले की तेल गुणकारी हाय, खात्री झाली. दिवाळीत घराला रंग दिला तेव्हा एक भिंत तशीच ठेवली. आत्या सहा महिने त्या भिंतीकडं पाठ करून जेवली. सगळ्यांत कठीण प्रसंग म्हणजे कुणाच्या दुःखाला भेटायला जाणं. सगळे माना खाली घालून बसलेले असताना हे गेलेल्याच्या मुलाला हळूच विचारायचे, "शेवटी कोनतं औषिद चाललं हुतं? आन् त्याच दुखन्याचा, पन औषिद न घेतलेला, कुनी हाय का गावात?" शेवटी अशा ठिकाणी आत्या त्यांना बाहेर चपलांपाशीच बसवायला लागली.

संस्थेची रचना मात्र ते फार सुंदर समजावून सांगत. एका लग्नाच्या पंगतीत मी सहज विचारलं, तर त्यांनी माझं ताट पुढं ओढलं. "हा भात म्हंजे दिल्लीचं मुख्यालय. त्यावरचं वरान म्हंजे महासंचालक. ह्या भाज्या म्हंजे देशभरच्या संस्था, एक गव्हाची, एक कापसाची, एक कोरडवाहूची. ह्या कोशिंबिरी म्हंजे इभागीय केंद्रं."

"आणि आपलं उपकेंद्र?"

त्यांनी ताटात इकडंतिकडं पाहिलं आणि पलीकडच्या पाण्याच्या तांब्याकडं बोट केलं. "आपन तिथं. ताटाभाईर."

"मग या सगळ्या पसाऱ्याचं काम काय, आतोबा?"

"धीर धरायचं, भाचेबुवा. यापाऱ्याला फायदा ह्याच हंगामात पायजे, पुढाऱ्याला निवडनुकीआधी. एकाच वाफ्याकडं तीस वर्सं बघत बसायला आख्खा देश लागतोय."

भात तोवर गार झाला होता. मुख्यालयासकट.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी मुख्यालयाचं पत्र आलं. उपकेंद्र चालू ठेवायचं की विभागीय केंद्रात विलीन करायचं, हे पाहायला समिती येणार होती. आतोबांची झोप गेली. ते आत्याला एकच वाक्य ऐकवायचे, "आता सगळं सातव्या वाफ्यावर हाय." मग कागदपत्रं जुळवायला ते बारा दिवस विभागीय केंद्रावर गेले. परत आले त्या दिवशी मी माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन त्यांच्या घरी आलो होतो. पिशवीसुद्धा खाली न ठेवता ते मला घेऊन वाफ्याकडं निघाले, आणि बांधावर थांबले.

सातवा वाफा हिरवागार होता.

ते खाली बसले. एक पान बोटांत धरून कितीतरी वेळ बघत राहिले. घरी आलो तर आत्या दारातच उभी, तोंडावर हसू मावत नव्हतं. "बघितलं का रान? तुमी गेलात आन् दुसऱ्याच दिशी पाऊस झाला. म्हनलं, हीच येळ हाय. घरच्या गोनीतला युरिया टाकला पाटीभर. दिल्लीचे पाव्हने येनार, आन् आपलं रान असं रोगट? तुमच्यावर ठपका आला असता की वो!"

आतोबांनी तिच्याकडं पाहिलं. मला वाटलं आता घर कोसळतंय. ते म्हणाले, "च्या टाक."

मी मुक्कामालाच राहिलो. दुसऱ्या दिवशी समिती आली. साहेब लोक लिंबाच्या सावलीतूनच वाफे बघत होते, शेंगा खात होते, आणि खूश होते. कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. आतोबा गप्प बसले असते तर कदाचित उपकेंद्र वाचलंही असतं. पण समितीच्या प्रमुख बाईंपुढं त्यांनी नोंदवही उघडून ठेवली. सकाळीच लिहिलेली नोंद होती, की सातव्या वाफ्यात युरिया पडला आहे, या वर्षापासूनचे आकडे धरू नयेत.

बाईंनी चष्मा काढला. "किसने डाला?"

"मैंने, मॅडम."

"आपने? इतने साल बाद? क्यों?"

आतोबांनी लिंबाकडं पाहिलं. "दया आ गयी." आणि नोंदीखाली, खत टाकणाऱ्याच्या जागी, स्वतःचं नाव लिहिलं.

दाण्याचं वजन एका ग्रॅमनंही कधी फिरवलं नव्हतं या माणसानं. त्या वहीत त्यांच्या हातून झालेली खोटी नोंद एकच, आणि ती खत टाकणाऱ्याच्या नावाची.

पाहुणे गेल्यावर आत्यानं पदराला हात पुसत विचारलं, "काय म्हनले वो?"

"म्हनले, रान लई झ्याक ठेवलंय."

"मी म्हनलं न्हवतं का!" असं म्हणून ती कपबशा विसळायला गेली.

पुढं वाफा बाद झाला, आणि वाफ्यापाठोपाठ उपकेंद्र. फाटकाला कुलूप लागलं, आत गाजरगवत माजलं. आतोबा निवृत्त होऊन आता ओट्यावर बसतात. गुडघ्यापायी फार लांब जाता येत नाही. मागच्या खेपेला मी गेलो, तर आत्या दिल्लीच्या नावानं बोटं मोडत होती. "एवढं हिरवं रान दावलं, तरी मन भरलं न्हाई मेल्यांचं! डोळेच न्हाईत त्यास्नी!"

आतोबा तिच्या शेजारी बसून शेंगा सोलत होते. सोललेले दाणे त्यांनी तिच्या तळहातावर ठेवले, आणि म्हणाले, "व्हय. चुकलंच त्यांचं."