जर्मन सिल्व्हरचं हरीण

पोरगी जेवली नाही याची काळजी नव्हती. ती रडतही नव्हती, याची होती. कालपासून प्रणिता मोबाईलवरचा एका हरणाच्या भांड्याचा फोटो बघत होती, आणि तिची आई नीलिमा ताट झाकून तिच्याजवळ बसली होती.

प्रणिताला लहानपणापासून नाव लिहून चिकटवायचा नाद. मसाल्याच्या डब्यांवरही चिठ्ठ्या. "उद्या माह्या टकलावर लावशीन," असं रविकांत लेकीला चिडवायचा. हैदराबादहून इतिहासात एम. ए. करून ती दोन वर्षं रिकामी बसली, तेव्हा कुठे जैनथच्या सुधाकरराव देशमुखांनी घरातल्या जुन्या वस्तूंची यादी करायला बोलावलं.

त्यात एक वीतभर उंचीचं, काळं पडलेलं हरीण होतं. मुंडकं काढलं की आत पोकळ. ते दारू प्यायचं भांडं. सोबतच्या इंग्रजी कागदावर दोनच शब्द होते: सिल्व्हर, जर्मन. प्रणितानं यादीत उतरवलं, 'जर्मन सिल्व्हर'. म्हणजे चांदीचा अंशही नसलेला धातू. यादी पाहून सुधाकररावांनी ते पितळी हंड्यांसोबत आदिलाबादच्या भंगार घेणाऱ्या मोडवाल्याला देऊन टाकलं.

काल तिनं तोच कागद उलटला. मागे सगळी हकीकत होती. चारशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका सरदारानं ते अस्सल चांदीत घडवून घेतलं, वारसांनी व्हिएन्नाच्या उमरावाला विकलं, तिथून ते एका नवाबाच्या कपाटात आलं, आणि नवाबानं सुधाकररावांच्या आजोबांना भेट दिलं.

"दुकानदाराले माग ना परत," नीलिमा म्हणाली.

"मागितलं. तो म्हणते, ज्याचा माल त्यानंच फोन करावा. आज चारले वितळवाले भट्टीवर जाते ते."

"मग देशमुखांना मी सांगते."

"तू काऊन सांगून राह्यली? पान उलटून पाह्यलं नाही मी. आता कोन मले कागदाले हात लावू देईन? आई, सांगू नको, तुले माही शपथ."

घड्याळात तीन वाजून गेले. प्रणिता उठली, चप्पल शोधू लागली.

"बासरले जाऊन येते."

"दर्शनाले? मी येते सोबत."

"नको. गोदावरीवर बसते जरा. एकटीच."

नीलिमानं उठून दाराला आतून कडी घातली आणि दाराशीच उभी राहिली. शपथ मोडली तर पोरीचं वाईट होतं म्हणतात. न मोडली तर काय होईल, ते तिला समोर दिसत होतं.

तिनं फोनमध्ये सुधाकररावांचा नंबर काढला.