दुबईला जाताना काय न्यायचं नाही

घरात जुन्या पिशव्या कशा साठत जातात, ते कुणालाच सांगता येत नाही. आमच्या एसटीडी बूथवर दुबईचे किस्से तसेच साठले.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. बी.ए. झाल्यावर मी सेनगावजवळच्या गोरेगावात बूथ आणि झेरॉक्स टाकलं. पासपोर्टची झेरॉक्स काढायला पोरं यायची. परक्या देशात निघालेली आणि माहिती शून्य. माझं डोकं फिरायचं. शेवटी दर रविवारी बूथवर फुकट क्लास सुरू केला. दुबईला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठीच्या सूचना मी वहीत नंबर घालून लिहायचो.

मी स्वतः औरंगाबादच्या पुढे गेलो नव्हतो. खरा मास्तर रामधन चव्हाण. जवळच्या बंजारा तांड्यावरचा गवंडी, सहा वर्षं दुबईत काम करून परत आलेला. सगळ्यात मन लावून ऐकायचा तो त्याच तांड्यावरचा किसन राठोड. त्याचा व्हिसा आला होता. घरी एकटी आई. एजंटानं बजावलं होतं, "विमानतळावर अडकलास तर दुसरा चान्स न्हाई." त्यामुळे किसननं वहीतली प्रत्येक सूचना पाठ केली होती.

*

सूचना क्रमांक एक, टॅक्सी.

रामधन पहिल्या आठवड्यात टॅक्सीत बसला. ड्रायव्हर पठाण. त्यानं मीटर टाकलं आणि गाडी काढणार, तोच रामधननं त्याचा खांदा धरला. "रुको भाई, जल्दी क्या है?"

पठाण थांबला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मीटर पळतंय. शेवटी पठाण म्हणाला, "चलना है या नहीं?"

रामधन म्हणाला, "पहले भरने तो दो."

आमच्याकडे दहा-बारा माणसं कोंबल्याशिवाय सेनगावची जीप जागची हलत नाही. तो बाकीच्या सवाऱ्यांची वाट बघत होता.

*

क्रमांक दोन, गुणाकार.

तिथली प्रत्येक वस्तू महाग. त्यात आपला माणूस दिरहमचे रुपये करायला मनात बारानं गुणतो. रामधननं चहा गुणला, सोडला. केळं गुणलं, सोडलं. पाण्याची बाटली गुणली आणि घाबरून दुकानाबाहेर आला. चौथ्या दिवशी साईटवर चक्कर येऊन पडला. मल्याळी फोरमननं तोंडावर पाणी मारलं आणि सगळी हकीकत ऐकून घेतली.

"फोरमन काय म्हणला?" किसननं विचारलं.

"म्हणला, पैसा घर को भेजने का टाइम गुणना. खाने का टाइम नहीं."

हे वाक्य मी वहीत तसंच हिंदीत उतरवलं.

*

ऊन ही गोष्ट आमच्या पोरांना पटतच नव्हती. किसन म्हणायचा, "भर उन्हात हळद शिजवायच्या कढईपाशी उभं राहणारी माणसं आमी. आमाला काय ऊन सांगता?"

रामधन म्हणाला, "बाबू, आपलं ऊन सावलीत गेलं की सरते. तिथलं ऊन सावलीत बी येऊन बसते, बाजूला."

मग लगेच म्हणाला, "आन् स्वेटर घेऊन जाय."

सगळे हसायला लागले. पण तो खरंच सांगत होता. दुकानं, बस, ऑफिस, सगळीकडे एसी इतका की घामेजलेला माणूस आत गेला की तापानं फणफणतो. रामधनला पहिल्या महिन्यात सर्दी झाली. बाहेर लोखंडाला हात लावला की फोड येत होता, आणि हा शिंकत होता.

सूचना पंधरा: मिठाचं पाणी, डोक्याला ओलं फडकं आणि स्वेटर.

*

पाणी विकत घ्यायचं नाही, हीही रामधनचीच सूचना. मशिदींबाहेर थंड पाण्याचे कूलर असतात, कुणीही प्यावं. हे त्याला कसं कळलं, ते ऐका.

भर दुपारी तो अशा कूलरपाशी पोचला. चपला काढल्या, बाजूला उभा राहिला. घसा सुकलेला. पाणी समोर, ग्लास समोर, आणि हा अर्धा तास नुसता उभा. एक म्हातारा आला, पाणी प्यायला आणि त्यानं विचारलं, "किसका इंतज़ार है, बेटा?"

"देनेवाले का."

दुसऱ्याच्या पाण्याला आपण हात लावायचा नाही, कुणी दिलं तर प्यायचं. लहानपणापासून गावात त्याला हेच शिकवलेलं. म्हाताऱ्यानं ग्लास त्याच्या हातात दिला आणि नळाकडे बोट दाखवलं. "देनेवाला दे चुका."

पोरं पोट धरून हसली. मला मात्र हसू आलं नाही. आमच्या बूथच्याही ओट्यावर माठ होता, त्यावर ग्लास उपडा. तांड्यावरचं कुणी आलं की ओट्याखाली उभं राहायचं आणि मी वरून ग्लास भरून द्यायचो. त्याला मी पाहुणचार समजत होतो.

*

सगळ्यात कडक सूचना खसखशीची. आपल्या मसाल्यात आणि लाडवात असते तीच. दुबईत तिच्यावर बंदी. ती अफूच्या बोंडातली, म्हणून सापडली की थेट जेल. कपड्याच्या शिवणीत चार दाणे राहिले तरी तकलीफ. क्लास संपताना मी प्रत्येकाला विचारायचो, "खसखस?" आणि सगळे ओरडायचे, "न्हाई!"

किसन निघाला त्या दिवशी अख्खा तांडा जीपपाशी आला. मी शेवटचं विचारलं, "खसखस?"

"न्हाई," किसन म्हणाला.

शेजारी त्याची आई उभी होती. तांड्यावर आईला याडी म्हणतात, आम्हीही तिला याडीच म्हणायचो. ती म्हणाली, "काहून न्हाई? टाकली ना. मसाल्यात हाय, लाडवात बी हाय."

किसननं जीपमधली बॅग खाली ओढली. मी बॅग उघडली. मसाल्याची पुडी फुटली होती. शर्टांच्या घड्यांत बारीक पांढरे दाणे.

मी भडकलो. "याडी, तीन महिने झाले शिकवून राहिलो मी! पोरगं जेलात गेलं असतं!"

ती शांतपणे म्हणाली, "पोरांला शिकवलं तुमी. बॅग आमी भरतो. आमाला कोण बोलावलं?"

तिनं लाडवांचा डबा आणि मसाल्याची पुडी बाजूला काढली, डोक्यावरची ओढणी रस्त्यात अंथरली आणि पहिला शर्ट उलटा करून झटकला. दुसरी बाई पुढे आली, मग तिसरी. खिसे, कॉलर, शिवणी. स्वेटर तर रामधननं स्वतः बोटानं चाचपून पाहिला. जीप खच्चून भरली होती. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न दिला, मग तोही उतरला आणि रिकामी बॅग उलटी करून बडवू लागला.

भरलेली जीप थांबलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

*

चौथ्या दिवशी दुपारी बूथचा फोन वाजला. किसन. मी बूथवरच्या एका पोराला तांड्यावर पिटाळलं आणि किसनला अर्ध्या तासानं परत लावायला सांगितलं. याडी धापा टाकत आली. फोन पुन्हा वाजला. तिनं ओट्याखाली उभं राहूनच रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"बॅग उघडली?" तिनं विचारलं. बराच वेळ ऐकत राहिली. "सगळे कपडे झटकले? मंग?" पुन्हा ऐकलं. डोळे पुसले. "सोडलं ना? बस."

मग तिनं विचारलं, "पाणी कोण देते रे तुला तिथं?"

किसन काय म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही. याडी "व्हय?" म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, "व्हय?"

रिसीव्हर ठेवला. मी सवयीनं माठाकडे उठलो.

"बसा तुमी," ती म्हणाली.

ती ओट्यावर चढली. ग्लास उचलला, माठात बुडवला, उभ्यानं सगळं पाणी प्यायली. ग्लास धुऊन होता तसा उपडा ठेवला.

"इतवारी क्लासला कधी येऊ?" तिनं विचारलं. "आमी अकरा जणी हाव."