पुस्तकात नसलेली खानावळवाली

माझी एक वेबसाइट आहे आणि तिच्यापायी मी घरात बराच बदनाम आहे. पन्नासेक वर्षांपूर्वी एका गुप्तहेराच्या रहस्यकथा निघायच्या. पातळ कागद, भडक मुखपृष्ठ, महिन्याला एक पुस्तक. आता ती रद्दीतसुद्धा सापडत नाहीत. त्या मालिकेतल्या प्रत्येक पुस्तकाचं मी साइटवर एक पान केलंय. कथा काय, पात्रं कोण, खून कुणाचा आणि केला कुणी. टिळकवाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाचं अर्धं टेबल या कामानं बळकावलंय. बायको म्हणते, "मेलेल्यांची चौकशी पुरे करा आता. जिती माणसं जेवायला थांबल्यात."

मला स्वस्थ बसवत नाही हे खरं आहे. बसस्टॉपवर, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही असलो तरी हात फोनकडे जातो. कुणी काय लिहिलं? कुणी चूक काढली का? दुसऱ्याची चूक दिसली तर अंगाची आगच होते. एकानं गुप्तहेराची मोटार हिरवी म्हटलं होतं, त्याला मी तीन पुस्तकांचे दाखले देऊन गप्प केलं. साइटच्या पहिल्याच पानावर मी ठळक लिहून ठेवलं होतं, 'ऐकीव माहिती इथं चालणार नाही.'

आमचं घर शहापूरचं, विणकरांचं. घरात चार हातमाग. दिवसभर त्यांच्या खटखटीत कुणाचं बोलणं कुणाला ऐकू यायचं नाही. पण मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपला की नवा ताणा जुन्याच्या टोकांना जोडावा लागतो. एकेक धागा उचलायचा, जुन्या धाग्याला लावून पीळ द्यायचा, असे हजारो धागे. तेवढा वेळ माग बंद. आप्पा आणि काका माना खाली घालून धागे जोडत बसायचे आणि माझी थोरली बहीण, आक्का, उंबऱ्यापाशी बसून लायब्ररीतलं पुस्तक मोठ्यानं वाचायची. जोडणी आणि पुस्तक बरोबर संपलं पाहिजे असा रिवाज होता. खुनी सापडायच्या आधी माग सुरू झाले तर आप्पांचा दिवसभर जीव थाऱ्यावर नसायचा. मी सहा-सात वर्षांचा. आक्काला टेकून ऐकत राहायचो.

मालिकेतली वीसेक पुस्तकं मला कुठंच मिळाली नाहीत. त्यांची कथा मी या ऐकण्यावरून लिहिली. तीही ऐकीवच, हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आपल्या घरातलं ऐकलेलं कुणाला ऐकीव वाटतं?

त्यातल्या एका पुस्तकात बंगल्यात खून होतो. गुप्तहेर पार चक्रावतो, तेव्हा गल्लीतली एक खानावळवाली त्याला वाट दाखवते. अंथरुणाला खिळलोय म्हणणाऱ्या माणसाचा डबा ती पाठवत असते. ती एवढंच विचारते, "आजारी माणूस चार भाकरी आणि वर जवसाची चटणी कशी हो खातो?" साइटवर सर्वांत जास्त वाचलं जाणारं पान ते. लोक विचारायचे, ही बाई पुढच्या कुठल्या पुस्तकात परत येते का? मी ऐटीत उत्तर द्यायचो, नाही, एवढ्याच पुस्तकात आहे.

मग निपाणीहून निरोप आला. तिथले एक गृहस्थ तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस होते, आता निवृत्त. कडोलीच्या साहित्य संमेलनात पुस्तकांच्या स्टॉलवर आमची ओळख झाली होती. पत्र्याच्या ट्रंकेत त्यांनी जवळजवळ सगळी मालिका जपून ठेवली आहे, कडुलिंबाचा पाला घालून. मला न मिळालेल्या पुस्तकांचे फोटो काढून पाठवायचं त्यांनी कबूल केलं होतं. त्यांनी त्या बंगल्याच्या पुस्तकाची सगळी पानं पाठवली आणि खाली लिहिलं, 'साहेब, खानावळवाली सापडेना. तुमचा गुप्तहेर राहतो मुंबईत आणि भाकरी-चटणी जेवतो तुमच्या शहापूर-वडगावात, असं कसं? पान काढून टाका. लोक तुमच्यावर विश्वास ठेवून हेच पुढं लिहितायत. असंच राहणार असेल तर बाकीची पुस्तकं पाठवायला माझं मन धजत नाही.'

पुस्तक मी बसल्या बैठकीला वाचून काढलं. खानावळ नाही, डबा नाही, चटणी नाही. खुनी सापडतो तो बोटांच्या ठशांवरून. वीस पानांतलं खरं किती आणि आक्काचं किती? उद्या हे चव्हाट्यावर आलं तर इतक्या वर्षांच्या कामाची माती होणार होती. दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. बायकोनं चहा ठेवला की तो गार व्हायचा. शरम होतीच, पण त्याहून जास्त मला आक्काचा राग आला होता.

रविवारी दुपारी वडगाव गाठलं. आक्काचं सासरही विणकराचंच, पण आता यंत्रमाग. गल्लीत शिरल्यापासून ओरडूनच बोलावं लागतं. तिनं मला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं. मी पाणीसुद्धा न घेता सुरू झालो.

"आक्का, खानावळवाली कुठनं आणलीस तू?"

तिला आधी कळेना. मी फोनवरचं पान दाखवलं. चष्मा लावून तिनं ते सावकाश वाचलं, खालची लोकांची मतंही वाचली आणि हसायला लागली. "आगं बाई, ही अजून हाय व्हय!"

"हसतीस काय? लोक मला खोटारडा म्हणतील आता. आणि कशात कशात काय काय घातलंस, सांग."

"आता कसं आठवणार रं? लई घातलं. पानं संपत आली आन् धागं ऱ्हायलेलं दिसलं की घालायचे."

"रिवाज होता म्हणून?"

"रिवाज कसला." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "पुस्तक संपलं की उठून चुलीपुढं जावं लागायचं. तेवढंच बसाय मिळायचं मला."

पुस्तक संपलं की मी खेळायला पळायचो. ती कुठं जाते हे मी कधी वळून पाहिलं नव्हतं, आणि आज तिला जाब विचारायला आलो होतो. माझी मलाच चीड आली.

तीच म्हणाली, "काढून टाक की. तुझं नाव खराब नगं व्हायला."

इतक्या सहज म्हणाली की मला सहन होईना. मी म्हटलं, काढायचं नाही. तिथंच बसून फोनवर मजकूर लिहिला. आधी खानावळवाली पुस्तकात नाही हे निपाणीकरांचं म्हणणं मान्य केलं. मग लिहिलं की मूळ पुस्तकांशी ताडून पाहीपर्यंत ही वीस पानं ऐकीव समजावीत. चूक माझी. निपाणीकर रागावले आणि ट्रंक बंद केली तर करू देत. खानावळवालीला मात्र वेगळं पान दिलं आणि ते आक्काला वाचून दाखवायला लागलो. 'हे पात्र मूळ पुस्तकात नाही. ते माझ्या थोरल्या बहिणीनं माग बंद असताना वाचता वाचता रचलं. तिनं सातवीनंतर शाळा सोडली होती, तरीही...'

"थांब," आक्का म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी कुठं सोडली शाळा? तुला शाळंत घातलं आन् कांड्यांवर सूत भराय माणूस कमी पडलं, म्हणून मला काढून घरात बसवली. लोकांच्या चुका काढतोस न्हवं? मग ही बी दुरुस्त कर."

हे मला माहीत नव्हतं असं म्हणवत नाही. त्या घरात मीही होतो. पण कुणी विचारलं की मीही आयुष्यभर तेच सांगत आलो होतो, आक्कानं शाळा सोडली म्हणून. ते वाक्य मी तिच्यासमोरच खोडलं आणि ती सांगत गेली तसं, शब्दही न बदलता, लिहून घेतलं.