वहिनीने वाट विचारली

आमची स्टामाटेला वहिनी आपल्याच गावात प्रवासी म्हणून उतरली, ही गोष्ट आमच्या कोर्फू बेटावर अजून चघळतात. जो तो तिखटमीठ लावतो. खरं काय ते मला विचारा. मी तिची नणंद, आणि त्या दिवशी बंदरावरून तिला धरून आणायला मीच गेले होते.

एकोणचाळीस वर्षं वहिनीने आमचं घर ओढलं. सासू, सासरा, मुलगी, आणि माझा दादा यासोनास, ज्याला पाण्याचा ग्लाससुद्धा हातात लागतो. मुलीने पिरेयसहून आईबापांना आठ दिवसांच्या बोटीच्या सफरीची तिकिटं पाठवली. दादा म्हणाला, "मला बोट लागते." वहिनी म्हणाली, "बरं, मी एकटी जाते." आम्ही सगळे गार!

चौथ्या दिवशी, रविवारी, पिरेयसहून सुटलेली ती बोट आमच्याच बंदराला लागणार होती. दादाने आदल्या दिवशीच कोंबडा आणून ठेवला. आमच्याकडे रविवारी पास्तित्सादा होतोच, मसाल्याच्या लाल रश्शात कोंबडा आणि जाड शेवया, आणि दादाला तो वहिनीच्याच हातचा लागतो. "येतेच आहे तर रांधून जाईल," तो म्हणाला. मीही मान डोलावली. आज लाज वाटते. कांदे मीच चिरून ठेवले होते.

वहिनी धक्क्यावर आली ती टोपी, काळा चष्मा आणि हातात नकाशा घेऊन. बाकीचे प्रवासी बसमध्ये चढत होते, ही सरळ पायी निघाली. मी तिचा दंड धरला. "चल, कोंबडा खोळंबलाय."

तिने चष्मा वर केला. "बाई, जुन्या किल्ल्याकडे कसं जायचं?"

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आहे, वन्सं. तो किल्ला मी जन्मभर कपडे वाळत घालताना पाहिला. आत पाऊल टाकलं नाही. आज बोट सुटेपर्यंतचे सात तास माझे आहेत. एकदा घरात शिरले की ते गेले. तुम्हाला काय सांगायचं?"

असा राग आला मला! पण आमच्याकडे कुणी वाट विचारली तर नुसतं बोट दाखवून मोकळं होत नाहीत, थेट दारापर्यंत सोडून येतात. आईने हे मला धपाटे घालून शिकवलंय. निघाले पुटपुटत.

वाट आमच्याच गल्लीतून. गल्लीच्या तोंडाशी राहणारी आगाथी गॅलरीतून ओरडली, "अगं बाई, स्टामाटेला! वर ये, कॉफी टाकते!"

वहिनी थबकली. कॉफीला नाही म्हणणं आमच्या गल्लीत कुणाला जमलेलं नाही. कॉफी म्हणजे तास, मग दादा, मग कोंबडा. तिचा चेहरा पार उतरला. नेहमीचा चेहरा होता तो, घरातला. चार दिवसांत मी तो विसरले होते.

"काय गं आगाथी, डोळे तपासून घे!" मी ओरडले. "ही परदेशी बाई आहे! किल्ला दाखवायला नेतेय!"

किल्ल्याच्या पायऱ्यांनी माझे गुडघे बोलायला लागले. मी तरी कुठे चढले होते कधी? वर दीपस्तंभापाशी भणाण वारा. खाली सगळं गाव, आणि त्यात आमची गॅलरी. गॅलरीत गंजीफ्रॉकातला एक पांढरा ठिपका बंदराकडे तोंड करून उभा.

"केवढासा दिसतो हो," वहिनी म्हणाली आणि हसता हसता रडली.

माझा फोन वाजला. "आली का ती?" दादा खेकसला.

"आली. फिरायला गेली. मीही तिच्याबरोबर आहे."

"आणि कोंबडा?"

"कांदे चिरलेत. मोठं पातेलं खालच्या फडताळात."

दादाने फोन आपटला. ठिपका बराच वेळ हलेना. आम्ही दोघी बघत राहिलो. मग तो आत गेला, आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या खिडकीची हिरवी झडप उघडली.