पंप धुवायचं पाणी

अळी मारताना मला कधी वाईट वाटलं नाही. वांग्याच्या शेंड्यानं मान टाकली की तो खुडायचा, उकलायचा, आतली गुलबट अळी फरशीवर ठेवायची आणि चपलेनं रगडायची. पावसाळ्यात गोगलगाई निघायच्या, त्यांच्यावर मीठ टाकायचे आणि फेस येऊन त्या गळेपर्यंत तिथंच उभी राहायचे. सून तोंड फिरवायची. मला तेही आवडायचं.

मालक गेल्यावर गावाकडचं रान बटईनं दिलं आणि मी जालन्याला मुलाकडे राहायला आले. घरामागं चार खाटा मावतील एवढी माती होती. बाकी घर सुनेचं, ही माती माझी, असं मी पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं. तिला मात्र कुणी ते सांगितलं नव्हतं. सून मंठ्याकडची, बी.ए. झालेली. टोमॅटोची रोपं तिनं आणली, उन्हाचा कडाका वाढला की जुन्या साड्या बांधून सावली तिनंच केली. तिच्या हाताला गुण होता. मी टाकलेलं बी निम्मं उगवायचं, तिचं सगळं. शेजारणी कंपाउंडवरून म्हणायच्या, "सुनबाईची बाग छान झाली हो." सुनबाईची.

त्यात ती पाळत नव्हती. आमच्याकडे बाईनं ते चार दिवस भाजीला, वेलाला शिवायचं नाही. शिवलं तर कळी गळते, पान आखडतं. माझ्या आईनं पाळलं, मीही जन्मभर पाळलं, भर सुगीत सुद्धा गोठ्याच्या दारात बसून राहिले. सुनेला सांगितलं तर म्हणाली, "आई, झाडाला काय कळतंय?" भांडून नव्हे, हसून म्हणाली. भांडली असती तर मी विसरलेही असते.

एका माघात आठ दिवस आभाळ राहिलं आणि टोमॅटोवर, वांग्यावर मावा पडला. पानांच्या पाठी काळ्या झाल्या. हसनाबादकडे माझा धाकटा भाऊ शेती करायचा. त्याच्याकडून पाठीवरचा फवारणीचा पंप मागवला. पंप देताना तो म्हणाला, "अक्का, बांधावर तणनाशक मारलंय ह्या पंपानं. साबणानं तीनदा धू, मंगच दुसरं औषध भर."

आमच्या नळाला तेव्हा आठव्या दिवशी पाणी यायचं आणि टाकी तळाला गेली होती. पंप तीनदा धुवायचा म्हणजे दोन बादल्या पाणी गटारात. ज्या बाईनं भांडी विसळलेलं पाणी सुद्धा झाडाला घातलं, तिच्या जिवावर आलं ते. मी तांब्याभर पाणी आत टाकलं, पंप हलवला, पालथा केला आणि माव्याचं औषध भरलं. सुनेची त्या दिवशी अडचण होती. तरी ती आली. पानांच्या पाठीला औषध लागावं म्हणून एकेक फांदी उचलून माझ्यापुढं धरत राहिली.

चौथ्या दिवशी टोमॅटोचे शेंडे वाकडे झाले. पानं सुतळीसारखी पिळली. वांगी गेली, भेंडीही गेली. खरं सांगते, त्या वेळी पंप माझ्या डोक्यात आला नाही. आधी तीच आली. मी तिला हाक मारून बाहेर बोलावलं. कंपाउंडपलीकडे दोघी शेजारणी होत्याच, त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "कळलं का आता झाडाला?"

ती खाली बसली. एक पिळलेलं पान बोटांनी सरळ करून बघू लागली. सोडलं की ते परत तसंच व्हायचं.

संध्याकाळी भावाचा फोन आला. "पंप धुतल्ता ना बराबर? न्हाई तर पानं पिळतेत, म्हणून इचारलं."

"धुतल्ता," मी म्हणाले.

फोन ठेवला तेव्हा मला सगळं कळलेलं होतं. सून समोर भाकऱ्या थापत होती, डोळे सुजलेले. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. शेजारणींपुढं माझं हसं झालं असतं, हे एक. आणि दुसरं म्हणजे, ती पहिल्यांदा नमली होती आणि मला ते गोड लागलं होतं.

आठ दिवसांनी गारपीट झाली. साऱ्या गल्लीतली झाडं झोडपून निघाली, कुणाच्या परड्यात हिरवं पान राहिलं नाही. त्याच गारा आठ दिवस आधी पडल्या असत्या तर तिच्यावर बोल आलाच नसता. निसर्गाला दया असते म्हणणाऱ्यांनी आमच्याकडे येऊन बघावं.

पुढं ती आपणहून दिवस मोजू लागली. ते चार दिवस मागच्या दाराची पायरी उतरायची नाही. मीही सोडलं नाही. फळमाशीनं डंख मारून दोडका सडला तरी मी आधी तिच्याकडे बघायचे. ती लगेच म्हणायची, "न्हाई आई, मी गेल्तेच न्हाई तिकडं." अशी बारा वर्षं गेली.

गेल्या वर्षी नातीला पाळी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी भेंडी तोडायला मागं पळाली. सुनेनं तिचं मनगट धरलं. "तिथं न्हाई जायचं. माझ्या हातानं एकदा आजीच्या बागेचं वाटोळं झालंय. तुझ्या हातानं नको."

पोर आपल्या हाताकडे बघत राहिली. ते मला सोसलं नाही. मी तिथंच, पायरीवर बसून सगळं सांगितलं. तणनाशक, तांब्याभर पाणी, भावाचा फोन. खोटं बोलले म्हणाले. तुझा काडीचा दोष नव्हता म्हणाले. मला साक्षीला भाऊ हवा होता, पण तो दोन वर्षांपूर्वीच गेला.

सुनेनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता बोलेल, शिव्या देईल. मी तयार होते.

"किती मोठं मन आहे आई तुमचं," ती म्हणाली. "पोरीच्या मनाला लागू नये म्हणून सगळं स्वतःवर घेऊन राह्यल्या तुम्ही. पण मी होते ना तिथं. फांद्या माझ्याच हातात होत्या."

"अगं, देवाशप्पथ सांगते."

"असल्या गोष्टीसाठी शपथ घेऊ नका," ती म्हणाली आणि वाकून माझ्या पाया पडली. मग तिनं लेकीला आत चल म्हटलं. पोरगी माझ्याकडे बघत, कशाला लागू नयेत म्हणून दोन्ही हात छातीशी धरून आत गेली.